त्र्यंबकरावांची गादी

त्र्यंबकराव गेले आणि सातासमुद्रापारच्या शॉमबर्ग गावचं मराठी मंडळ पोरकं झालं. निदान मंडळाचं म्हणणं तसं होतं. घरही पोरकं झालं होतं, पण त्याचा ठराव कोण मांडणार? श्रद्धांजलीची सभा त्यांच्याच बेसमेंटमध्ये भरली. चहा-पोहे झाले आणि गुरुदत्तकाकांनी उभं राहून जाहीर करून टाकलं, "नवीन प्रेसिडेंट आपला सिद्धेश! डिस्कशनची गरजच नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्र्यंबकरावांच्या या मुलाला विचारायचं तेवढं राहून गेलं.

पुढच्या महिन्यात सिद्धेश वर्षभरासाठी जॉर्डनला निघाला होता. दुसरा मुआविया नावाच्या खलिफावर त्याची पीएचडी चालली होती, आणि ही संधी पुन्हा मिळायची नव्हती. पण ज्या काकांच्या अंगाखांद्यावर वाढलो, त्यांना बाबांच्या फोटोसमोर नाही कसं म्हणायचं? त्याने खलिफालाच पुढे केलं.

"काका, सातव्या शतकात दमास्कसला एक तरुण होता. वडील खलिफा होते. ते वारले आणि लोकांनी यालाच गादीवर बसवलं. तब्येत नाजूक, राज्याची हौस नाही. काही महिन्यांतच संपलं सगळं. कुणी म्हणतात गादी सोडली, कुणी म्हणतात आजारात गेला. वारस नेमा म्हणून लोक मागे लागले, तर म्हणे त्याने तेही नाकारलं." त्याने बाबांच्या फोटोकडे पाहिलं. "बापाची गादी मुलाला झेपतेच असं नाही, काका."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"डिट्टो त्र्यंबक!" गुरुदत्तकाका डोळे पुसत म्हणाले. "काय बोलतो यार हा! गणपतीच्या प्रोग्रॅमला हेच ठेवू."

मंडळात उभं राहून बोललेलं सगळं भाषणच ठरतं, आणि भाषणाला टाळ्या वाजवायच्या असतात, ते ऐकायचं थोडंच असतं! सिद्धेश हताश होऊन वर स्वयंपाकघरात गेला. त्याची आई, मालिनीबाई, चहाचं दुसरं आधण ठेवत होत्या.

"आई, मी नाही म्हणत होतो गं. कुणाला कळलंच नाही."

"मला कळलं."

"मग तू सांग ना त्यांना. तुझं ऐकतील."

"सांगते." त्यांनी गॅस बारीक केला. "तेरावं झाल्यापासून या घराची बेल वाजली नव्हती, सिद्धू. आज वाजली. प्रेसिडेंटच्या घरी मीटिंग, हा आपला रिवाज. आता गुरुदत्तभावजींकडे होतील. तू जा बाळा जॉर्डनला. मी कशाला अडवू?"

त्या खरंच अडवत नव्हत्या, हेच वाईट होतं. त्या रागावल्या असत्या तर तो भांडला असता. आता त्याला नुसतं रडू येत होतं.

"प्रेसिडेंट!" खालून गुरुदत्तकाकांची हाक आली. "नेक्स्ट मीटिंग कुठे ठेवायची?"

मालिनीबाई पदराला हात पुसत जिन्याकडे निघाल्या. सिद्धेशने त्यांचा हात धरून त्यांना थांबवलं.

"इथेच, काका," तो म्हणाला. "आमच्याकडे."