खोटा उतार

“आकडा मनाविरुद्ध आला, तर लोकच म्हणतील पुन्हा मोजा. मनासारखा आला, तर तू मोज.”

काम शिकवणाऱ्या सरांना जाऊन अकरा वर्षं झाली, तरी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेतल्या ताईंच्या कानात हा आवाज ताजा होता.

आज पडद्यावर मनासारखाच आकडा होता. रक्त होतं शिवणकाम करणाऱ्या एका मावशींचं. वर्षापूर्वी अंडाशयाच्या कर्करोगातून त्या उठल्या होत्या. हा रोग पुन्हा डोकं वर काढू लागला की रक्तात एक प्रथिन वाढायला लागतं. ते दर तीन महिन्यांनी मोजायचं, म्हणजे चाहूल आधी लागते. मावशींचं आधी एकोणीस होतं, मग अठ्ठावीस. पस्तिसाच्या मर्यादेच्या आतच, पण चढतं. आणि आज एकदम चार! ताईंनी पुन्हा लावून पाहिलं. चारच.

“चांगली बातमी आली तरी तुमच्या पोटात दुखतं हो ताई!” तरुण डॉक्टर हसला. “यंत्र ठणठणीत आहे. पाठवू का रिपोर्ट?”

“यंत्राला कुठे नावं ठेवतेय मी? पण चढणीला लागलेला आकडा औषधाशिवाय असा धाडकन खाली येत नाही. थांबा जरा.”

त्यांनी मावशींना फोन लावला. पलीकडे शिलाई मशीनची घरघर.

“मावशी, नवीन गोळ्या काही सुरू केल्यात?”

“छे गं! एकच, केसांची. औषधांनी डोक्याचं पार माळरान केलं, म्हणून नणंदेनं आणून दिली. जन्मात पहिल्यांदा तिच्या हातून काही सुटलं, म्हणून दोन-दोन घेते!”

ताई हसल्या आणि हसता हसताच थबकल्या. केसांच्या गोळीत बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं. इथलं यंत्र ते प्रथिन पकडतं, तेही बायोटिनच्याच दुव्यानं. गोळीतलं बायोटिन रक्तात उतू गेलं की तेच जागा अडवून बसतं. प्रथिन निसटतं आणि आकडा खोटाच खाली येतो.

“त्या गोळीनं आकडा खोटाच खाली दिसतो, मावशी. गोळी आजपासून बंद. शुक्रवारी परत रक्त द्यायला या.”

घरघर थांबली.

“वाढलेला येईल?”

“येऊ शकतो, मावशी.”

“मग एक कबूल कर. मागच्या वेळी मला रोगाचं शेजारणीकडून कळलं, जिन्यात उभ्या उभ्या. या वेळी तू ये. समोर बसून सांग.”

“येईन.”

शुक्रवारी आकडा आला एकसष्ट.

डॉक्टरनं खुर्ची पडद्याजवळ ओढून आकडा पुन्हा वाचला. “मी परवाच रिपोर्ट पाठवला असता. तीन महिने फुकट गेले असते, ताई.”

“गेले नाहीत ना? देवाची कृपा.”

“देवाची असेल. पण फोन तुम्ही केलात. आता प्रत्येक फॉर्मवर गोळ्यांचा प्रश्न घालतो.”

“घाला. आणि ‘कुणी दिली’ हेही विचारा.”

मावशींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंशी ताई स्वतः बोलल्या. सोमवारी सकाळचं स्कॅन ठरवून घेतलं. रोग परतला असलाच, तर अजून लहान असताना हाती लागेल, असं बाई म्हणाल्या. आकडा मावशींना सांगायची परवानगीही ताईंनी मागून घेतली.

मग पांढरा कोट खुंटीला अडकवला, हात धुतले, स्कॅनच्या वेळेची चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. आणि त्या मावशींच्या घराकडे चालू लागल्या.