लाडवांचा डबा आणि कॅलगरीचा उद्या

मित्रांनो, माझे पोचे मोजू नका, आधी ऐकून घ्या! मी वर्तकनगरातल्या विनिताताईंच्या ओट्यावरचा जुना स्टीलचा डबा आहे. जवळच्या खोपट भागातल्या दुकानात त्यांनी मला विकत घेतलं, तेव्हा दुकानदाराने माझ्या पोटावर टकटक करत त्यांचं नाव घातलं. गुदगुल्या झाल्या, पण ऐट काय वाटली म्हणून सांगू!

दर दिवाळीला माझ्यात चकल्या असायच्या. ताईंची लेक संचिता शाळेतून आली की आधी माझ्याशी झोंबायची. माझं झाकण घट्ट. ती मला गुडघ्यांत धरून ओढायची. "कसला हट्टी डबा आहे गं आई!" म्हणायची. मी ते कौतुकच समजायचो. पुढे प्लॅस्टिकच्या बरण्या आल्या आणि मी माळ्यावर गेलो. संचिताही लग्न करून देवेशबरोबर कॅनडात, कॅलगरीला गेली. माळ्यावर फार एकटं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग एक दिवस संचिताशी व्हिडिओ कॉलवर बोलताना ताईंचा फोन काही केल्या उभा राहीना. बरणीला टेकवला की बरणीच घसरे. त्यांनी मला खाली काढलं, पुसलं आणि फोन माझ्या पोटाला टेकवला. तेव्हापासून मायलेकी रोज सकाळी माझ्या आधाराने बोलू लागल्या. रोज सकाळी म्हणजे आमच्या हं! आमच्याकडे उजाडतं तेव्हा कॅलगरीत आदली संध्याकाळ असते. त्यात हिवाळा आला की ते लोक घड्याळ तासभर मागे सारतात. "वेळ म्हणजे काय पडदा आहे, ओढला की सरकला?" असं ताई कुरकुरायच्या. इथे कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाल्याची आरोळी, शेजारणीची गॅलरीतून हाक. तिथे इतकी शांतता, की संचिताच्या फ्रिजची घरघर मला इथे ऐकू यायची. तिथे न विचारता कोणी कोणाकडे जात नाही म्हणे. पण शेजारचे आजोबा न सांगता यांच्या दारातला बर्फ उपसून जातात. हे ऐकल्यावर ताई म्हणाल्या, "म्हणजे आपल्यासारखेच आहेत की, फक्त गप्प!"

यंदा संचिताला बाळ होणार होतं. पहिलं बाळंतपण आपल्या हातून व्हावं म्हणून ताईंनी डिंकाचे लाडू वळले आणि मला गच्च भरलं. बॅगही भरली. पण व्हिसाच येईना! तिकडे बाळ आडवं असल्याने डॉक्टरांनी ऑपरेशन ठरवलं. आदल्या संध्याकाळी, म्हणजे आमच्या सकाळी, संचिताचा फोन आला.

"आई, खूप भीती वाटतेय गं. तू इथे हवी होतीस. उद्या काय होईल?"

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी समोरच होतो ना! पण आवाज अगदी खणखणीत.

"अगं वेडाबाई, तुझा उद्याचा दिवस माझ्याकडे उजाडलासुद्धा. दूध आलं, नळाला पाणी आलं, चहा झाला माझा. चांगला दिवस आहे. मी पुढे येऊन बसलेय, तू ये सावकाश."

पलीकडे रडता रडता हसू फुटलं. "मग बसून राहा हां," संचिता म्हणाली.

ताई खरंच बसून राहिल्या. जेवायलाही उठल्या नाहीत. माझा जीव टांगणीला लागला होता. दिवेलागण होऊन गेली आणि फोन वाजला.

"आई, मुलगी झाली! दोघी छान आहेत!" देवेश ओरडला. मागून टॅहां ऐकू आलं. माझ्या पत्र्याला झिणझिण्या आल्या. ताई फोनच्या पडद्यावरून हात फिरवत रडत होत्या. "आलीस गं बाय? ये, आजी केव्हाची वाट बघतेय."

परवा व्हिसा आला. पण ताई म्हणतात, डबा जड होतो, लाडू पिशवीतूनच नेईन. मित्रांनो, कोणी वर्तकनगरात राहत असाल तर त्यांना जरा सांगा ना! जुन्या भांड्यालाही माया लागते हो. इतकी वर्षं मी या मायलेकींना टेकू दिला, पण माझ्याकडे कायम फोनची पाठ. त्या बाळाचं फक्त रडणं ऐकलंय मी. एकदा तरी तिला समोरून बघू द्या मला.