गुडघाभर पाणी

त्याला सगळे मास्तर म्हणत, कारण बोट नदीच्या खळाळात लोटण्याआधी तो पर्यटकांना शाळामास्तरासारखा दम भरायचा. "पडलात तर पाठीवर तरंगायचं, पाय वर आणि पुढे. उभं राहायचं नाही! गुडघाभर पाण्यातसुद्धा नाही. दगडात पाय अडकला की नदी मागून रेटते, माणूस तोंडावर पडतो आणि मग उठणं नाही." हे तो झोपेतही बडबडतो, असं त्याची बायको सांगायची.

त्या दिवशी बोट त्याच्या मुलीच्या हातात होती. तिची ही परीक्षाच. पास झाली तर उद्यापासून ती एकटी बोट नेणार होती, पण मास्तरला ती अजून कच्चीच वाटे. बापांना वाटतंच तसं. पोरीने मोठमोठे खळाळ सफाईने पार केले. खोट काढायला जागाच राहिली नाही, म्हणून स्वारी जरा घुश्शातच होती.

बोट काठाला लागली, पर्यटक उतरले. शेवटी मास्तर ऐटीत उतरायला गेला आणि धपकन पाण्यात पडला. धारेने त्याला थोडं खाली नेलं. काठावर हशा पिकला. तो हशा जिव्हारी लागला, आणि जन्मभर लोकांना जे करू नका म्हणून बजावलं, तेच या शहाण्याने केलं. ताडकन उभा राहिला.

डावा पाय दोन दगडांच्या फटीत गच्च बसला. पाठीमागून पाण्याने लोटलं आणि तोंड पाण्यात गेलं. हात टेकून वर आला, एक श्वास घेतला, पुन्हा खाली. मी? मी उभा राहिलो? भीती वाटायच्या आधी त्याला या गोष्टीचाच धक्का बसला.

पुन्हा वर आला तेव्हा मुलगी काठावर दिसली. उडी मार, पोरी! पण तिने पाठ फिरवली. पोटची पोर, आणि बाप बुडताना पाठ फिरवते? ती बोटीतली फेकायच्या दोराची पिशवी घ्यायला वळली होती, हे त्याला आणखी दोन घोट पाणी प्यायल्यावर कळलं.

पलीकडच्या काठावर त्यांच्यासोबत छोटी होडी घेऊन आलेला कयाकवाला होता. तिने दोराचं एक टोक धरून पिशवी त्या कयाकवाल्याकडे भिरकावली. दोर दोन्ही काठांमध्ये ताणून त्यांनी प्रवाहाच्या खालच्या अंगाने मास्तरच्या छातीशी आणला.

"बाबा, दोरावर रेल! आधी श्वास घे!"

तो रेलला. तोंड पाण्याबाहेर राहिलं. मग पर्यटकांनीही तिच्या बाजूने दोर धरला आणि सगळ्यांनी मिळून त्याला प्रवाहाच्या उलट ओढलं. पाय सुटला, बूट तिथेच राहिला. आता कोणी हसत नव्हतं.

काठावर पडल्या पडल्या त्याने विचारलं, "घाबरलीस का गं? उडी का नाही मारलीस?"

तिच्या तळव्यांवर दोराचे लाल वळ उठले होते. "मारणारच होते. पाय उचललाही होता. मग मनात आलं, बाबा मेला तर मेला, पण आईची एकाच दिवशी दोन माणसं जायला नकोत."

तिच्या जागी मास्तर असता तर डोळे मिटून उडी टाकली असती, आणि दोघंही गेली असती.

"उद्यापासून बोट तू ने," तो म्हणाला.

"उद्या मी बोटीला हात लावणार नाही," ती म्हणाली, आणि सगळ्यांसमोर हमसून हमसून रडायला लागली.