बर्फ मिळेल

आमच्या बाजाराला चेहरा नाही, असं शहराच्या कचेरीत बसलेल्या काही शहाण्यांच्या लक्षात आलं. मी जन्मापासून त्या बाजारात वावरतोय, मला तो रोज ओळखू यायचा. पण कचेरीने ठरवलं की बाजाराला चेहरा द्यायचा, आणि नवा द्यायचा म्हणजे आधीचा खरवडायचा हे ओघाने आलंच.

त्यासाठी नियमांचं एक जाडजूड पुस्तक निघालं. सगळ्या दुकानांच्या पाट्या एकाच मापाच्या, अक्षरं एकाच उंचीची, रंग एकच. रंग कुठला, तर भिजलेल्या वाळूचा. चाळिसाव्या पानावर लिहिलं होतं, 'हाताने रंगवलेली अक्षरे एकसारखी येत नसल्याने टाळावीत.' मी पाट्या रंगवतो. माझे बाबाही पाट्याच रंगवायचे. बाजारातली एकूण एक पाटी आमच्या दोघांच्या हातची, आणि पुस्तकात आमच्यासाठी एक ओळ, तीसुद्धा टाळण्याची. मी यांचं काय घोडं मारलं होतं, कुणास ठाऊक.

आठवड्याभरात पाट्या उतरल्या. चष्मेवाल्याचा मी काढलेला चष्मा गेला. त्यातला एक डोळा मिचकावलेला होता, मुलं तो बघायला थांबायची. औषधवाल्याची हिरवी पाटी गेली. चौकात काचेच्या पेटीत नव्या बाजाराची पुठ्ठ्याची प्रतिकृती ठेवली. तिच्यात झाडं होती, बाकं होती, बोटाएवढी माणसं होती. प्रत्येकाच्या हातात खरेदीची पिशवी, पण बोथट सुरी घेऊन धार लावायला निघालेलं एकही माणूस नव्हतं.

तिथेच आमचं घोडं अडलं, कारण माझी थोरली बहीण धार लावते. ताईचं लग्न झालं ते धार लावणाऱ्याशी. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी, मी बारा वर्षांचा असताना, बाबांनी जावयाला लग्नात भेट म्हणून दुकानाची पाटी रंगवून दिली. 'येथे सुऱ्या, कात्र्या, विळ्यांना धार लावून मिळेल.' बाबांची ओळ शेवटाला जराशी वर चढायची, कितीही दोरी आखली तरी. भावजी गेल्यावर ताईने चाक स्वतः हातात घेतलं. शिंप्याच्या कात्र्या, खानावळीच्या सुऱ्या, दवाखान्यातली हत्यारं, सगळं तिच्याकडे येतं. कचेरीची उद्घाटनाची कात्रीसुद्धा. हातभर लांब, सोनेरी मुठीची. कुठलंही उद्घाटन असलं की आदल्या दिवशी शिपाई ती कापडात गुंडाळून ताईकडे आणायचा.

पुस्तकाच्या शेवटी नव्या बाजारात चालणाऱ्या धंद्यांची यादी होती. कॉफी होती, भेटवस्तू होत्या, सुगंधी मेणबत्त्यांना तर वेगळा आकडा दिला होता. धार लावणं नव्हतं. यादीत नाही त्याला नवी पाटी नाही, आणि पाटी नाही त्याने चार महिन्यांत जागा सोडायची. सुटका एकच होती. दुकानावरची पाटी पन्नास वर्षांहून जुनी असेल, तर ती शहराचा वारसा. ती हलवायची नाही, बदलायची नाही, आणि तिच्याखालचं दुकान जागेवर राहील.

"आपली जुनीच आहे की," ताई म्हणाली. तिच्या दृष्टीने विषय मिटला होता.

पाट्या तपासायला जो साहेब यायचा त्याला बाजारात सगळे मोजपट्टी म्हणायचे. त्याच्या एका खिशात टेप आणि दुसऱ्या खिशात कचेरीचा शिक्का असायचा. त्याने आधी पाटी मोजली, मग शिडीवर चढून खालच्या उजव्या कोपऱ्यात नाक खुपसलं.

"ही पाटी दीड वर्षाची आहे," तो म्हणाला.

"साहेब, ती माझ्या लग्नातली आहे," ताई म्हणाली.

"इथे साल लिहिलंय ना. गेल्याच्या गेल्या वर्षीचं."

ते साल मीच टाकलं होतं. आमच्या धंद्यात एक रीत आहे. पाटीवर रंगाचा नवा हात दिला की कोपऱ्यात आपली खूण आणि त्या वर्षाचं साल टाकायचं. रंग किती टिकला ते पुढच्या वेळी कळतं. बाबांनी मला ब्रश धरायला शिकवला त्याच दिवशी हेही शिकवलं. दर पाच-सहा वर्षांनी मी ताईची पाटी उतरवायचो, बाबांच्या अक्षरांवरून तस्साच ब्रश फिरवायचो, कोपऱ्यातल्या जुन्या सालावर रंग मारून नवं टाकायचो. पाटी नीट ठेवली, हाच गुन्हा झाला. चार गल्ल्या पलीकडे एका दुकानाची पाटी निम्मी गंजून गळली होती. तिच्यावर कुणी कधी हात फिरवला नव्हता, म्हणून ती वारसा ठरली.

"वरचा रंग नवा असेल, खालची पाटी जुनीच," मी म्हणालो.

"मला जे दिसतं ते मी लिहितो," मोजपट्टी म्हणाला. "खाली जुनं असेल तर दाखवा. पंधरा दिवस देतो."

तो गेल्यावर मी ताईला म्हणालो, "साल बदलणं माझ्या डाव्या हातचा मळ आहे. थोडं चहाचं पाणी, थोडी काजळी. साठ वर्षांपूर्वीचं करून देतो."

"खोटं नाही करायचं."

"अगं, ते आपल्याला उठवायला निघालेत!"

"म्हणून बाबांच्या पाटीवर खोटं लिहायचं? खरवड. खाली बाबांचं अक्षर आहे, त्यांचं सालही असेल. दाखव त्याला."

ताईपुढे माझं कधी काही चाललं नाही. पाटी उतरवून मी तिच्याच दुकानात दोन स्टुलांवर आडवी ठेवली. माझा पुट्टीचा पत्रा बोथट झाला होता, ताईने तो चाकावर धरून लखलखीत करून दिला. मग मी माझं स्वतःचं काम खरवडायला लागलो. वरचा लाल. त्याखालचा जरा विटकरी, त्या वर्षी दुकानात चांगला लाल मिळाला नव्हता. भावजी गेले त्या वर्षीचा हात घाईत दिलेला, ओघळ तसेच राहिलेले. एकेक साल वर येत होतं आणि भुगा होऊन खाली पडत होतं. सहाव्या दिवशी बाबांचा रंग लागला. शेवटाला वर चढलेली ओळ, आणि कोपऱ्यात त्यांची खूण आणि साल.

मी बोटांवर मोजलं, ताईने मोजलं, मग दोघांनी मिळून मोजलं. कितीही मोजलं तरी सत्तेचाळीसच येत होते.

लग्न सत्तेचाळीस वर्षांपूर्वी झालं होतं, पाटी त्याहून जुनी कुठून असणार? एवढं साधं गणित आम्हा दोघांना सहा दिवस सुचलं नव्हतं. आम्हाला वाटलं होतं, बाबांचं म्हणजे जुनं. पन्नास म्हणजे किती, याचा आम्ही विचारच केला नव्हता.

ताईने पाटी उलटी केली. मग तिने फळीची मागची बाजू चाचपली. "बाबा नवी फळी कधी घ्यायचे?"

घ्यायचे नाहीत. बाबा जुन्या पाट्या भंगारातून आणायचे, अस्तर मारायचे आणि वर लिहायचे. म्हणजे खाली आणखी काहीतरी होतं. पण तिथे पोचायचं तर बाबांच्या अक्षरांवरून पत्रा फिरवायला हवा होता.

"मी नाही करणार," मी म्हणालो.

"दे इकडे."

"ताई, हे त्यांचं शेवटचं राहिलेलं अक्षर आहे. बाकी सगळ्या पाट्या कचेरीने नेल्या."

"मला माहीत नाही का? माझ्या लग्नातलं आहे." तिचा आवाज फाटला. "पण चाक गेलं तर मी ही पाटी कुठे लावू? माझ्या उशाशी?"

पत्रा तिच्या हातात दिला नाही. मीच खरवडलं. संध्याकाळी बाबांचं अक्षर झाडूने गोळा करून सुपलीत भरलं, तेव्हा मला कचेरीतल्या प्रत्येक माणसाची मान पिरगाळावीशी वाटत होती.

अस्तराखाली निळी अक्षरं निघाली. भलीमोठी, कुणा अनोळखी माणसाच्या हातची, फारशी बरीही नाहीत. 'बर्फ मिळेल.' कोपऱ्यात कुणाची तरी खूण आणि साल. त्रेसष्ट वर्षांपूर्वीचं.

मोजपट्टी पाटी बघून लहान मुलासारखा हरखला. त्याने तिचे फोटो काढले, शिक्का मारलेला कागद दिला, पाटी पुन्हा वर चढवायला स्वतः हात लावला. ताईचं दुकान वाचलं. मी निःश्वास सोडणार एवढ्यात त्याने पुस्तकाचं पान उलटलं.

"आता एक बारीकशी बाब. वारशाची पाटी बदलता येत नाही. आणि पाटीवर एक, आत दुसरं, असंही चालत नाही. ग्राहकाची फसवणूक होते."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला इथे बर्फ विकावा लागेल."

मला वाटलं तो थट्टा करतोय. पण पुस्तकावर पोट भरणाऱ्या माणसाला थट्टा सुचत नाही. ताईने पदर खोचला आणि म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवशी दुकानात बर्फाची पेटी आली. चाकावर चादर पडली.

मी म्हणालो, "मागच्या दाराने कामं घे. कोण बघतंय?"

"चोरून करू? मी काय चोऱ्या करते?"

ती खरोखर बर्फ घेऊन बसली. कुणाला बर्फ नको होता. औषधवाला पाय मुरगळलेल्या गिऱ्हाइकांना तिच्याकडे पाठवायचा, तेवढीच विक्री. बाकीचा वितळायचा. पाणी पायरीवर ओतलं, तर पदपथ ओला केल्याबद्दल नोटीस आली. खानावळीचा आचारी बोथट सुऱ्या घेऊन दारात उभा राहायचा, ताई मान हलवायची, तो शिव्या देत परत जायचा, आणि शिव्या कुणाला देतोय ते आम्हा तिघांनाही माहीत असायचं. असे चार महिने गेले. तिच्या बोटांवरचे काळे डाग हळूहळू पुसट झाले. मला ते बघवत नव्हतं.

नव्या बाजाराचं उद्घाटन ठरलं. तोंडाशी लाल फीत बांधली, ताईच्या दुकानापासून दहा पावलांवर. खुर्च्या भरल्या. कचेरीच्या अध्यक्षीणबाई आल्या, भाषण झालं, चेहरा हा शब्द अकरा वेळा आला. मग तबकातून सोनेरी मुठीची कात्री पुढे आली.

बाईंनी फीत कात्रीत धरली आणि दाबली. टाळ्या सुरू झाल्या. फीत कात्रीच्या दोन पात्यांमध्ये दुमडून बसली, कापली काही गेली नाही. टाळ्या थांबल्या. बाईंनी पुन्हा दाबलं. मग दोन्ही हातांनी दाबलं. फीत चघळल्यासारखी झाली. फोटोवाले फोटो काढतच होते.

"ताईंकडे द्या की!" मागून आचाऱ्याचा आवाज आला, आणि सगळा बाजार हसला.

मोजपट्टी कात्री घेऊन धावत आला. "ताई, पटकन धार लावा."

ताई पेटीमागून उठलीसुद्धा नाही. "आमच्याकडे बर्फ मिळतो."

"अहो, ही चेष्टेची वेळ आहे का?"

"चेष्टा कसली? पाटी वाचा. आत दुसरं काही केलं तर ग्राहकाची फसवणूक होते, तुम्हीच म्हणालात. किती देऊ? अर्धा किलो?"

तो घामाघूम झाला. तेवढ्यात अध्यक्षीणबाई स्वतः पायरीशी आल्या. त्यांनी पाटी बघितली, पेटी बघितली, चादरीखालचं चाक बघितलं. "हे दुकान नक्की कशाचं आहे?" त्यांनी विचारलं. मोजपट्टी कात्रीची मूठ पुसायला लागला. मीच सगळं सांगितलं, बाबांच्या अक्षराच्या भुग्यासकट. माझा आवाज जरा चढला असेल, पण मला त्याची लाज वाटत नाही.

"आज करून द्या, पुढचं मी बघते," बाई म्हणाल्या.

"पुढचं पुढे बघणारी माणसं मी खूप बघितली," ताई म्हणाली. "लिहून द्या."

तीनशे माणसं आमच्याकडे बघत होती. बाईंनी निमंत्रणपत्रिका उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं, की या दुकानात धार लावण्यास कायमची परवानगी आहे, पाटीवर काहीही असो. खाली सही केली.

"शिक्का," ताई म्हणाली. तो मोजपट्टीच्या खिशातच होता.

मग तिने चादर काढली. चाक फिरलं, कात्रीचं पातं टेकलं, ठिणग्या उडाल्या. पुढच्या रांगेतले पाहुणे दचकून मागे सरकले. चार महिन्यांनी तो आवाज ऐकून माझे डोळे भरले. कात्री परत देताना ताई म्हणाली, "बर्फ हवा असेल तर घेऊन जा. फुकट आहे." फीत पहिल्या फटक्यात कापली गेली.

बाहेर अजूनही 'बर्फ मिळेल' आहे. तिला हात लावायला मला कायद्याने बंदी आहे. पण पुस्तकात दुकानाच्या आतल्या भिंतीबद्दल काही नाही, मी तीनदा वाचून बघितलं. गेल्या आठवड्यात चाकामागच्या भिंतीवर मी बाबांची ओळ आठवून आठवून लिहिली. सुऱ्या, कात्र्या, विळ्या. शेवटाला जराशी वर चढवली. कोपऱ्याशी आल्यावर हात थांबला.

"साल टाकू?"

"टाक की. आजचं टाक," ताई म्हणाली.

मी आजचं साल टाकलं आणि दारापर्यंत मागे जाऊन बघितलं. माझी ओळ मुद्दाम चढवल्यासारखी दिसत होती. बाबांची तशी दिसायची नाही.

ताईही दाराशी येऊन उभी राहिली. "अगदी त्यांच्यासारखंच झालंय," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून चाकाशी जाऊन बसली. आख्ख्या आयुष्यात ती माझ्याशी तेवढं एकदाच खोटं बोलली.