कटरवरचं पाणी

वायरमनचे भावोजी फरशी कापायला बसले की अख्खा मजला पिठाच्या गिरणीसारखा पांढरा व्हायचा. तोंडाला रुमाल गुंडाळला की आपण अमर झालो, अशी त्यांची ठाम समजूत. त्यांचे थोरले भाऊ याच धुळीत फुप्फुसं घालवून खाटेला खिळले होते, पण त्याचं खापर भावोजी सिगारेटवर फोडायचे. पाणी घालून कापा, धूळ उडत नाही, हे सांगून सांगून वायरमनचा घसा बसला होता. पाण्याची सोय असलेलं नवं कटर स्टोअरमध्ये खोक्यात पडून होतं. वापरलं तर खराब होईल म्हणून सुपरवायझर त्याला कुणाला हात लावू देत नव्हता.

शेवटी वायरमनच्या ताईने नवऱ्याशी अबोला धरला. भावोजींनी मोठ्या मनाने हार मानली आणि जुन्याच कटरवर, झाडाला घालावं तसं, पाईपने पाणी सोडलं. पायाखाली डबकं, डबक्यात वायर, वायरला चिकटपट्टीचं ठिगळ.

वायरमनने ते पाहिलं. हाका मारत न बसता त्याने धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. साइट गप्प झाली. मालाच्या लिफ्टमधून वर निघालेला सुपरवायझर दोन मजल्यांच्या मधोमध लटकला आणि तिथूनच वायरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागला.

"तूच म्हणालास ना, पाणी घाला?" भावोजी उखडले.

"धुळीने मरायला वर्षं लागतात, भावोजी. हे एका मिनिटाचं काम होतं. ताईला काय तोंड दाखवलं असतं मी?" वायरमनला रडू फुटलं, आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

मग त्याने मान वर करून लटकलेल्या सुपरवायझरला कळवलं की नवं कटर बाहेर आल्याशिवाय वीज येणार नाही. थोडा वेळ तत्त्वांची चर्चा झाली. मग वरून स्टोअरची किल्ली पडली.

वायरमनने डबकं उपसायला लावलं, वायर उंच टांगली, वीज गळली तर आपोआप बंद होणारा स्विच बसवला आणि भावोजींच्या पायात रबरी बूट चढवले. नव्या कटरच्या पात्यावर बारीक धार पडू लागली, तसा धुळीऐवजी राखाडी गाळ वाहू लागला. गाळाखाली आखलेली रेघ दिसेना. भावोजींनी गाळाला, कटरला, कटर बनवणाऱ्याला आणि मेहुण्याला लांबलचक शिव्या घातल्या, कुठेही न खोकता, एका दमात.

घरी खाटेवरच्या थोरल्या भावांना प्यायला पाणी मागतानाही दम घ्यायला मध्ये दोनदा थांबावं लागायचं. शिव्या संपेपर्यंत वायरमन तिथेच उभा राहिला.