पुतळाबाईचा आवाज

पुतळा मढवी वारून अकरा महिने झाले होते, तरी कोपरखैरणे गावातल्या घरात ती दिवसातून तेवीस वेळा बोलायची. जिवंतपणी एवढं बोलायची नाही. जिवंतपणी नवरा मध्ये बोलायचा.

सकाळी सहाला, "सोनल, ऊठ गो बाय." सहा दहाला, "दात घास. वरचं पन, खालचं पन." एक वाजता, "जेवून घे. ताटातला ताटात खा." असं करत रात्री नऊपर्यंत. सगळं मोबाइलच्या अलार्ममध्ये भरलेलं. मुलगी सोनल सव्वीस वर्षांची, ऑटिस्टिक. तिला पुढचं काम कुणीतरी सांगितलं की ते ती घड्याळाच्या काट्यासारखं करायची. नाही सांगितलं तर जिथे असेल तिथे उभी राहायची. म्हणून आईने दिवस कापून तेवीस तुकडे केले होते आणि प्रत्येक तुकड्याला आपला आवाज लावला होता. आई गेली, तुकडे राहिले.

चार मजली इमारत मढवींची, बाकी सगळे भाडेकरू. बाथरूमच्या डक्टमधून आवाज वरपर्यंत चढायचा. दुसऱ्या मजल्यावरचा शहाजी, साताऱ्याकडचा ट्रकवाला, एकदा जिन्यात थांबला.

"शेठ, राग मानू नका. वहिनींचं काही राहिलंय का? म्हणजे इच्छा वगैरे?"

"राहिलंय ना," पुतळाचा नवरा धर्मराज म्हणाला. "सोनलची नखं. दर रविवारी साडेदहाला सांगती."

शहाजीच्या बायकोने त्याच संध्याकाळी दाराला लिंबू-मिरची बांधली. धर्मराजने ती पाहिली आणि दुर्लक्ष केलं. खरं तर अलार्म सोनलसाठी होते, पण जेवायचा तो वाजला की आधी धर्मराज उठायचा. नाही वाजला असता तर भूक लागल्याचं त्याला कळलं असतं की नाही, कोण जाणे.

याशिवाय पुतळाच्या आवाजात आणखी बारा सूचना होत्या. त्या कामाच्या.

तुर्भ्याला एका गाळ्याच्या माडीवर पालकांनी मिळून चालवलेलं प्रशिक्षण केंद्र होतं. तिथे सोनल विमानातल्या जेवणाबरोबर देतात ती पुडकी भरायला शिकत होती. एका पिशवीत चमचा, काटा, सुरी, कागदी रुमाल, मीठ, मिरी, साखर, दुधाची पावडर, दात कोरायची काडी. केंद्र चालवणारी संघप्रिया, औरंगाबादकडून शिकून आलेली थेरपिस्ट. तिने पुतळाला सांगितलं होतं, "काकू, पिशवी उघडण्यापासून खोक्यात ठेवण्यापर्यंत बारा पायऱ्या. एकेक सूचना रेकॉर्ड करा. छोटी, साधी. भावना नको." पुतळाने अकरा सूचना तशाच दिल्या. एकीला मात्र तिचं माहेर आडवं आलं. माहेरचे सगळे मिठागरात राबलेले. मिठाच्या पुडीशी येऊन ती म्हणाली, "मीठ टाक. एकच. आपल्याला काय मिठागर नाय भरायचा." आणि हसली. हसू रेकॉर्ड झालं. संघप्रियाने ते कापलं नाही.

सोनल कानात एक इअरफोन घालून आईच्या हुकमावर पुडकी भरायची. मग तळोज्याच्या एका केटरिंग कंपनीने चाचणीला बोलावलं. अट एकच. कामाच्या हॉलमध्ये ट्रॉल्या धावतात, कानात काही घालायचं नाही.

संघप्रियाने धर्मराजला समोर बसवलं.

"काका, तुमी बिल्डिंगा बांधल्यात. स्लॅब पडला की सेंटरिंग कधी काढता?"

"एकवीस दिवस. घाई केली तर पडतो."

"आणि काढलंच नाही तर?"

"तर काय, खोलीत टेकूच टेकू. मानसं कुठं राहनार?"

"आईचा आवाज म्हणजे सेंटरिंग. शेवटच्या पायरीपासून एकेक सूचना बंद करायची. इथे मी करते. घरी संध्याकाळी सराव घेता ना, तिथे तुमी करायची. दोन्हीकडे एकदम, नाहीतर तिचा गोंधळ होतो."

धर्मराजने मान हलवली. आयुष्यात त्याने सिडकोच्या साहेबांपुढे, नगरसेवकांपुढे आणि तीन जावयांच्या बापांपुढे अशीच मान हलवली होती. मान हलवायची आणि घरी येऊन हवं ते करायचं, ही त्याची जुनी पद्धत. आजवर तिच्यामुळे त्याचं कधी अडलं नव्हतं.

घरी पाच वाजता डायनिंग टेबलावर सोनल पुडकी भरायला बसली की तो मोबाइल मध्ये ठेवायचा आणि बाराच्या बारा सूचना लावायचा. मिठाची दोनदा. सोनल पुडी हातात धरून थांबायची, हसू संपलं की टाकायची. केंद्रात आधार कमी होत होत शून्यावर आला, घरी बारावरच राहिला. धर्मराजला वाटायचं, पोरीला सवय म्हणून चालू हाय. पोरीला काय वाटायचं, ते त्याने विचारलं नव्हतं.

चाचणीच्या दिवशी कंपनीतला सुपरवायझर मितेश अदबीने वागला. सोनलला टेबल दिलं, टोपी दिली. धर्मराज आणि संघप्रिया काचेपलीकडे. पिशवी उघडली. चमचा. काटा. सुरी. रुमाल. सोनलने मिठाची पुडी उचलली आणि थांबली.

हात पिशवीवर, पुडी बोटांत, मान किंचित तिरकी. एक मिनिट. चार मिनिटं. बाजूच्या बायका आपापली पुडकी भरत राहिल्या. अकराव्या मिनिटाला मितेशने हळूच तिच्या हातातली पुडी काढून घेतली. हात तसाच हवेत राहिला. ती काय ऐकायला थांबली आहे, हे तिथे एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो बुटांकडे बघत होता.

"अंकल, नेक्स्ट मंडे परत बघू," मितेश म्हणाला. "पण मग लास्ट. माझ्या हातात तेवढंच आहे."

बाहेर आल्यावर संघप्रिया म्हणाली, "सेंटरला तर न थांबता करायची. घरी काय चालू आहे?"

"घरी? घरी काय, सगळं तुमी सांगितलं तसं..."

"सेंटरला शून्य," सोनल रस्त्याकडे बघत म्हणाली. "घरी बारा. मीठ दोनदा."

सोनलला खोटं बोलता येत नव्हतं. धर्मराजच्या घराण्यात ही पहिलीच.

संघप्रिया ओरडली नाही, ते फार वाईट झालं. म्हणाली, "काका, मोबाइल द्या. मी सगळं पेनड्राइव्हवर घेते, माझ्या कपाटात ठेवते. आवाज कुठे जाणार नाही."

"कपाट तुमचा. पन चावी मागायला मी दुसऱ्या दिवशी येनार. तुमी नाय म्हनाल, मी रडंन, तुमी द्याल." त्याने मोबाइल खिशात घातला. "नको ते."

घरी येऊन त्याने बारा सूचना पुसल्या, मग तेवीस अलार्म. प्रत्येक वेळी मोबाइल विचारायचा, कायमचं पुसायचं का? पस्तीस वेळा विचारलं. पुतळाला दवाखान्यातून घरी न्यायचं का, हे डॉक्टरांनी एकदाच विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी घर बोललं नाही. सोनल सहाला उठली नाही, सात वाजता उठली आणि मोरीच्या दारात उभी राहिली. धर्मराजने तिच्या हातात ब्रश दिला, बोलला नाही. बराच वेळ गेला, मग तिने दात घासले. वरचे, मग खालचे. दुपारी धर्मराज जेवलाच नाही; चार वाजता ओट्यावरचं झाकलेलं ताट दिसलं तेव्हा लक्षात आलं. संध्याकाळी शहाजी जिन्यात भेटला.

"शेठ, वहिनी बोलत नाहीत आज?"

"नाय."

"मग जास्तच भ्या वाटतंय," शहाजी म्हणाला आणि लिंबू-मिरची नवी आणायला गेला.

पाच दिवस सोनलने आवाजाशिवाय पुडकी भरली. पहिल्या दिवशी मिठावर दहा मिनिटं थांबली, तिसऱ्या दिवशी दोन, पाचव्या दिवशी थांबलीच नाही. धर्मराज समोर बसून बघायचा. पोरगी आईला मागे टाकतेय हे त्याला दिसत होतं. आनंद व्हायला हवा, हेही कळत होतं.

शनिवारी सकाळी, आता हेही जमेल म्हणून, पुतळा गेल्यापासून पहिल्यांदाच त्याने सोनलला ओट्यापाशी उभं केलं. पुतळा तिला रोज तिथे उभी करायची, दुधावर लक्ष ठेवायला. ती गेल्यापासून दूध धर्मराज तापवायचा आणि रोज उतू घालवायचा. तो बाहेर पेपर उघडून बसला. आतून आवाज आला.

"गॅस बारीक कर. उतू जाईल बघ."

पुतळा. तीच घोगरी किनार, 'बघ'वर तोच टेकू. धर्मराजने खिशातला मोबाइल काढला. यादी रिकामी होती. तो उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. सोनल पाठमोरी उभी होती, हातात चिमटा.

"पोटात गोला आलाय गो बाय," सोनल पुतळाच्या आवाजात म्हणाली. मध्ये श्वास अडकला, तोही पुतळाचा. "बाबाला बोलू नको. सांगितला तर तो तुजा सेंटर बंद करल."

दूध वर आलं. सोनलने गॅस बंद केला आणि आपल्या आवाजात म्हणाली, "झालं."

धर्मराज तिथेच दारात, जमिनीवर बसला. केंद्राचा नियम होता, पहिले सहा महिने घरचं कुणीतरी रोज सोबत बसायचं. धर्मराज म्हणाला होता, "मी बायकांच्या घोळक्यात बसू?" पुतळा बसली. रोज, सहा महिने, एकही खाडा नाही. सातव्या महिन्यात ती दवाखान्यात गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, सहा महिने आधी यायला हवं होतं. तेव्हा धर्मराज बायकोवर ओरडला होता, आधी बोलायला काय झालं होतं म्हणून. बोलली होती. रोज सकाळी, या ओट्यापाशी, जिला सांगितलं तर कुणाला कळणार नाही असं वाटलं, तिला.

त्याने संघप्रियाला फोन केला. सकाळचं सगळं सांगितलं.

"काही मुलं ऐकलेलं जसंच्या तसं साठवतात, काका. ती जागा, ती वेळ आली की बाहेर येतं. अलार्म चालू होते तोवर आईचा आवाज बाहेरून येत होता. आता आतून येतोय." मग म्हणाली, "थांबवायचं असेल तर शिकवता येईल. तिला दुधापाशी उभं करू नका."

"कामावर बोलंल?"

"तिथे दूध नाही तापवत."

रविवारी त्याने तिला परत दुधापाशी उभं केलं. "काल रात्री लय दुखला," पुतळा म्हणाली. "पन तो घोरत होता, मंग नाय उठवला." सोमवारी: "आज तू सगल्यांत जास्त पाकिटं भर हां. आज माज्यासाठी." आणि त्या सोमवारी तळोज्याला, काचेपलीकडे, सोनलने चमचा, काटा, सुरी, रुमाल टाकले, मीठ उचललं, टाकलं, पुढे गेली. चाळीस पुडकी. मितेशने सहा उघडून तपासली.

"अंकल, फर्स्टपासून पाठवा. साताची शिफ्ट नको, साडेआठची देतो. बस येईल सात चाळीसला."

संघप्रियाने धर्मराजचा हात दाबला. तो म्हणाला, "हो, हो." त्याच्या डोक्यात हिशेब चालला होता. पुतळाची रोज एक सकाळ सोनल ओळीने म्हणत होती, एकही खाडा नाही. अशा सकाळी सहा महिन्यांच्या. आत्ताशी तिसरी झाली होती.

एक तारखेला सोनल टोपी घालूनच ओट्यापाशी उभी राहिली. आता आठवडाभराचं त्याने ऐकलं होतं. गोळा मोठा झाला होता. मध्ये एक दिवस बरा गेला होता, त्या दिवशी पुतळा गुणगुणली होती आणि धर्मराजला दिवसभर बरं वाटलं होतं. पुढे काय होणार हे त्याला तारखेसकट माहीत होतं. तरी रोज तो वेळेवर येऊन बसायचा, जमिनीवर, गुडघे पोटाशी घेऊन.

"आज पानी पन नाय ठरत," पुतळा म्हणाली.

"मंग चल ना डॉक्टरकडं," धर्मराज म्हणाला. मोठ्याने. "चल, मी येतो. आत्ताच जाऊ."

सोनल वळली. तिने त्याच्याकडे नाही, घड्याळाकडे बघितलं.

"बाबा, सात चाळीसची बस," ती आपल्या आवाजात म्हणाली. गॅस बंद केला आणि कुणी न सांगता चपला घालायला गेली.