कृष्णवेणीकाकूंची कुंडी

मुलीच्या घरी पहिल्यांदा जाऊन काय बोलायचं, याची निनादने आरशासमोर चांगली तयारी केली होती. नाशिकचा हा पोरगा नोकरीसाठी म्हैसूरला आला, हिनकलला भाड्याने राहिला आणि ऑफिसातल्या प्रार्थनाच्या पार प्रेमात पडला. लग्नाचा विषय तिच्या घरी अजून निघाला नव्हता. “आधी आईला आवडायला हवास,” प्रार्थनाने बजावलं होतं. “तिच्या झाडांचं कौतुक कर, एखादं माग. पुढचं सोपं जाईल.”

प्रार्थनाच्या घरचे मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरकर. बन्नीमंटपजवळच्या त्यांच्या व्हरांड्यात मनीप्लांट नुसते उतू जात होते. निनादने कृष्णवेणीकाकूंना वाकून नमस्कार केला आणि प्रार्थनाचे वडील जयतीर्थ यांच्यादेखत स्वच्छ मराठीत म्हणाला, “काकू, तुमच्या कुंड्या फार सुंदर आहेत. एखादी मला द्याल का?”

जयतीर्थांनी पेपर डोळ्यांपर्यंत वर घेतला. प्रार्थना तोंडाला ओढणी लावून आत पळाली. काकूंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

“पॉट बेडा, पॉट नको,” त्या म्हणाल्या. “कटिंग देते. पाण्यात ठेवा, मुळं आली की मातीत लावा.” त्यांनी घाईघाईने कात्री चालवली, लांब देठाचं एक पान त्याच्या हातात ठेवलं आणि त्याही आत गेल्या.

फाटकापाशी त्याला प्रार्थनाचा मेसेज आला. ‘कन्नडमध्ये कुंडी म्हणजे माणसाची बसायची जागा. तू आईची मागितलीस.’ निनादला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता सगळी भिस्त त्या पानावर. हे जगलं तर परत त्या घरी जायला तोंड राहील, असं त्याने मनाशी ठरवूनच टाकलं. काचेची बाटली घासून पाण्याने भरली, ऊन थेट लागणार नाही अशा खिडकीत ठेवली. पाणी बदलत राहिला, सकाळ-संध्याकाळ वाकून बघत राहिला. पान आपलं टवटवीत, पण मूळ नाही की कोंब नाही. आठवड्यांमागून आठवडे गेले.

“नर्सरीतून मुळं असलेलं आण,” प्रार्थना म्हणाली. “आईला काय कळणार?”

विजयनगरच्या नर्सरीत जाऊन त्याने एक रोप हातात घेतलंही. मग परत ठेवलं. त्या माउलीशी खोटं बोलून जावई व्हायचं त्याच्या जिवावर आलं.

रविवारी तो बाटली घेऊन बन्नीमंटपला गेला. “काकू, तुमचं रोप मला जमलं नाही,” तो म्हणाला. “चुकलं असेल माझंच काहीतरी.”

काकूंनी चष्मा लावून देठ उचलून पाहिला आणि मटकन खुर्चीत बसल्या. “अय्यो, याला पेरच नाही. नुसतं पान दिलं मी तुम्हाला. वेल पेराखाली कापायची असते, कोंब तिथूनच येतो. हे वर्षभर ठेवलंत तरी वेल व्हायची नाही.” मग त्यांनी पदर तोंडाला लावला. “हसू दाबताना कात्री कुठे चालली तेच कळलं नाही हो. पाहुण्यासमोर हसायचं कसं?” आणि त्या हसत सुटल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पेपरमागे जयतीर्थांचे खांदेही गदगदत होते.

त्या हसण्यात निनादची सगळी तयारी वाहून गेली. “काकू, मला प्रार्थनाशी लग्न करायचंय,” तो एका दमात बोलून गेला.

हसणं थांबलं. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं, दारातल्या लेकीकडे पाहिलं. मग कात्री घेऊन त्या उठल्या. या वेळी सावकाश वेल चाचपली, पेर शोधलं, त्याच्या जरा खाली कापलं, पाण्यात बुडेल ते पान काढून टाकलं. निनादने हात पुढे केला. काकूंनी दिलं नाही. बाटली त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली.

“हे इथेच राहील,” त्या म्हणाल्या. “ऑफिस सुटलं की येत जा. पाणी तू बदलायचं.”

तो ‘तू’ ऐकला आणि निनादचे डोळे भरून आले.